तुम्ही विचारलंत म्हणून: वृद्धाश्रमातलं पाळणाघर

लेकीला वृद्धाश्रमातल्या पाळणाघरात का ठेवलं होतंत, हा प्रश्न मला सांगलीत विचारला जातो, पुण्यात विचारला जातो, लग्नाच्या पंगतीत आणि व्हॉट्सॲपवरही विचारला जातो. काही जण त्याला जोडून म्हणतात, तिकडे जपानात म्हणे आजी-आजोबांशी मुलांची गाठ घालून द्यायलासुद्धा संस्था लागते? पहिल्या प्रश्नात काळजी असते. दुसऱ्यात कीव असते, जपानची आणि थोडी माझीही. आजवर "अगं, चांगलं असतं ते" एवढं म्हणून मी गप्प बसत आले. आता एकदाच सगळं सांगते.

ते पाळणाघर आम्ही कुठल्या थोर विचाराने निवडलं नव्हतं. टोकियोत सरकारमान्य पाळणाघरातली जागा वॉर्ड ऑफिस देतं. आईवडील किती तास कामावर असतात, घरात मूल सांभाळायला दुसरं कोणी आहे का, यावर गुण मिळतात. आपण फक्त पसंतीक्रम लिहून द्यायचा. स्टेशनच्या वाटेवर पडतं म्हणून हे नाव आम्ही तिसऱ्या क्रमांकावर लिहिलं होतं आणि तेच मिळालं. खाली मुलं, वरच्या मजल्यांवर चोवीस तास आधार लागणारी वृद्ध माणसं. नवऱ्याने आधी विचारलं ते इन्फेक्शनचं. मी विचारलं, वर कोणी वारलं तर मुलांना काय सांगता?

आम्ही राहतो त्या एदोगावा वॉर्डात ही कल्पना जुनी आहे. इथल्या कोतोएन या संस्थेने १९६२मध्ये वृद्धाश्रम काढला, १९७६मध्ये पाळणाघर काढलं आणि १९८७मध्ये दोन्ही एका छपराखाली आणली. आमचं पाळणाघर ते नव्हे, पण घडी तशीच. सकाळी सगळ्यांनी मिळून रेडिओच्या तालावर व्यायाम करायचा, आठवड्यातून काही वेळा मुलांनी वर जायचं, सणावाराला सगळ्यांनी एकत्र बसायचं.

"म्हणजे टाइमटेबल लावून प्रेम," असं माझी एक मावसबहीण म्हणाली होती. टाइमटेबल होतं, हे खरं आहे. वर जाण्याआधी मुलांचा ताप बघायचा, हात धुवायचे. कोणत्या आजोबांना गोंगाट सोसत नाही, कोणत्या आजींना उजव्या कानाने ऐकू येत नाही, आज कोणाची रात्र वाईट गेली, हे वरची माणसं खालच्या बाईंना रोज सांगायची. ज्यांना मुलं नकोत त्यांना कोणी आग्रह करत नसे, आणि अशी माणसं होती. म्हातारं माणूस म्हणजे मुलांना आसुसलेलंच असणार, ही आपली समजूत आहे. तिथे एक आजोबा मुलं आली की दार लावून घ्यायचे आणि ते दार कोणी वाजवत नसे. दोघांच्या मध्ये उभं राहून हे सगळं सांभाळणारी माणसं पगारी होती. आपल्या घरांत हेच काम कोणीतरी करत असतं. आजोबा झोपलेत, आवाज करू नका. आजीला पाणी नेऊन दे. जा, नमस्कार कर. ते माझी आई करायची, तिच्या आधी तिची सासू. ते दिसत नसे, म्हणून आपल्याला वाटतं की नातं आपोआप होतं.

हे मी ठामपणे लिहिते आहे, पण २०१९च्या सप्टेंबरात माझ्या घरी जे झालं ते सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

आई त्या वर्षी ऑगस्टमध्ये आली. भेटीच्या अल्प मुदतीच्या व्हिसावर नव्वद दिवस, त्याहून जास्त राहता येत नाही. उच्च कुशल व्यावसायिकांच्या व्हिसावर असलेल्यांना मूल सात वर्षांचं होईपर्यंत आईवडिलांना आणून ठेवता येतं, पण त्याला उत्पन्नाची अट असते आणि आमचा व्हिसा साधा होता. आई घरचे गौरी-गणपती जाऊबाईंवर सोपवून आली होती. आयुष्यात पहिल्यांदा. तिच्या दृष्टीने ते काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

सप्टेंबरचा तिसरा सोमवार जपानात ज्येष्ठांच्या सन्मानाचा सुट्टीचा दिवस असतो. त्याच्या आधीच्या शुक्रवारी पाळणाघरात कार्यक्रम होता, पालकांना बोलावलं होतं. आई इरकली नेसून आली. चार वर्षांच्या गटातल्या प्रत्येक मुलाची एप्रिलपासून वरच्या एकेका आजी-आजोबांशी जोडी लावलेली होती. माझ्या लेकीच्या वाट्याला आलेल्या आजी नव्वदीच्या पुढच्या. मूळच्या निइगाताच्या, तरुणपणी शिवणकाम केलेल्या. त्यांचा डावा हात चालत नसे. कागदाची घडी घालताना लेक एक कोपरा दाबून धरायची आणि त्या उजव्या हाताने घडी पाडायच्या. पाच महिने हे चाललं होतं. मला ते बाईंच्या रोजच्या वहीत वाचायला मिळायचं, डोळ्यांनी मी पहिल्यांदाच बघणार होते.

मुलं आत आली. हातात स्वतः केलेली शुभेच्छापत्रं, गळ्यात घालायला रिबीन लावलेली. आई खुर्चीतून थोडी पुढे सरकली. लेक आमच्या समोरून गेली, आम्हाला बघून हात हलवला आणि सरळ चाकाच्या खुर्चीपाशी गेली. पत्र त्यांच्या गळ्यात घातलं. मग त्यांचा तो न चालणारा हात उचलून दोन्ही तळव्यांत धरला आणि काहीतरी बोलली. आईने मला विचारलं, "काय म्हणाली गं?" मी सांगितलं, "आज हात गार आहेत, असं म्हणाली." आई म्हणाली, "हो का." पुढचा अर्धा तास गाणी झाली, टाळ्या झाल्या, आईनेही वाजवल्या. त्या आजींनी वाकून आईला नमस्कार केला, आईने हात जोडले. फोटोत दोघी हसताना दिसतात.

संध्याकाळी मी काकडी कोचवत होते. आई भिंतीला टेकून उभी होती. "तिला कळतं हात गार आहेत ते," ती म्हणाली. मी गप्प. "माझे कधी बघितले नाहीत तिने."

मी बाजू मांडायला लागले. पत्रं ऑगस्टच्या आधीच करायला घेतली होती, तेव्हा तुझा व्हिसाही आला नव्हता. ती त्यांना रोज भेटते. तू आत्ता आलीस. लहान आहे ती. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तेच म्हणतेय मी. रोज भेटते." आणि थोड्या वेळाने, "तू तिला आजी शोधून दिलीस. मला कोण शोधून दिलंस?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. मी रागावले, कारण रागावणं सोपं होतं. म्हटलं, सांगलीत तुझ्या वरच्या मजल्यावर तीन मुलं आहेत. समोर दोन. त्यांना बोलाव, खायला कर, गोष्टी सांग. तिथे तर सगळं आपलंच आहे, भाषासुद्धा! आई म्हणाली, "ती शाळेतून येतात, क्लासला जातात. लिफ्टमध्ये 'हाय आजी' म्हणतात. कशाला म्हणून बोलावू त्यांना? काहीतरी कारण लागतं ना."

ती रात्र आम्ही दोघींनी फार बरी काढली नाही. पण त्या कारणाच्या वाक्यापाशी मी अजून येऊन थांबते. मला जे लोक जपानची कीव करत विचारतात, त्यातले निम्मे माझ्या आईच्या इमारतीसारख्याच इमारतींत राहतात.

जपानातही घर होतंच. १९८०मध्ये पासष्टीपुढचं माणूस असलेल्या घरांपैकी निम्म्या घरांत तीन पिढ्या एकत्र राहत. २०२२मध्ये तो आकडा सुमारे ७ टक्क्यांवर आला होता आणि जवळजवळ एक तृतीयांश घरांत ते माणूस एकटंच होतं. ही घसरण चाळीस वर्षांत झाली. एका पिढीला ती बघता आली. तेव्हा मूल आणि म्हातारं माणूस एकमेकांच्या वाटेत येईल असं कारण मुद्दाम तयार करावं लागलं आणि ते करणाऱ्या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे.

तोयामा शहरातल्या सोमान कायोको यांचंच घ्या. रेडक्रॉसच्या रुग्णालयात परिचारिका होत्या. म्हातारे पेशंट म्हणायचे, मरताना घरच्या तातामीवर, म्हणजे गवती चटईवर, मरायचंय, आणि घरी जाता येत नसे. १९९३मध्ये दोन सहकारी परिचारिकांना बरोबर घेऊन त्यांनी एक साधं घर काढलं. ज्याला गरज आहे त्याने यावं. पहिल्या दिवशी आलं कोण, तर अपंगत्व असलेलं एक लहान मूल. ते जन्मल्यापासून त्याच्या आईला केस करून घ्यायलाही जाता आलं नव्हतं, त्या दिवशी तिला जायचं होतं. म्हाताऱ्यांसाठी काढलेल्या घरात पहिला पाहुणा मूल होता! सरकारी खात्यांचा घोळ असा की वृद्धांचा पैसा वेगळा, मुलांचा वेगळा, अपंगांचा वेगळा. तिघं एका खोलीत बसली तर अनुदान कुठल्या खात्यातून द्यायचं हेच ठरेना. तोयामा प्रांताने हळूहळू वाट काढली आणि २०१८मध्ये देशाच्या नियमांत अशा एकत्र सेवेला जागा मिळाली. पंचवीस वर्षं लागली.

कारण जेवणाचंही असू शकतं. २०१२मध्ये टोकियोच्या ओता वॉर्डात भाजीचं दुकान चालवणाऱ्या कोन्दो हिरोको यांनी मुलांना एकट्याने येऊन जेवता येईल अशी जागा सुरू केली. आता देशभरात अशा दहा हजारांहून जास्त जागा आहेत आणि कितीतरी ठिकाणी स्वयंपाक करणारी, मुलांच्या शेजारी बसून जेवणारी माणसं सत्तरीची असतात. कारण गोष्टींच्या पुस्तकाचंही असू शकतं. टोकियोच्या वार्धक्यशास्त्र संस्थेने २००४मध्ये ज्येष्ठांना शिकवून शाळांत चित्रपुस्तकं वाचून दाखवायला पाठवायला सुरुवात केली. आधी रीतसर शिकवणी, मग शाळेत. पुस्तक कसं धरायचं, कोणतं निवडायचं, हे त्यात असतं. मला हे फार आवडतं. तुम्ही म्हातारे आहात म्हणून या, असं त्यांना कोणी म्हणत नाही. तुम्हाला हे येतं म्हणून या, असं म्हणतात.

पण मी सगळं छानच सांगते आहे असं वाटू देऊ नका. त्या निइगाताच्या आजींची स्वतःची नातवंडं साइतामाला राहत, ट्रेनने तासाभराच्या अंतरावर. ती क्वचित येत. माझ्या लेकीने त्यांचा हात धरला म्हणून त्यांच्या घरच्यांचं न येणं सोपं झालं का? आणि माझ्या लेकीला इथे एक आजी मिळाली म्हणून माझं सांगलीला न जाणं सोपं झालं का? दुसऱ्याचं उत्तर मला माहीत आहे. झालं. मला बरं वाटायचं. पंधरा वर्षांपूर्वीची पुण्यातली मी हे वाचून म्हणेल, मग संस्थेने केलं काय, तुम्हाला मोकळं केलं. मी तिला म्हणेन, तू एकत्र कुटुंबात वाढलीस, आईला विचार तिला कोणी मोकळं केलं होतं. ती म्हणेल, प्रश्न टाळू नकोस. आमचं हे भांडण असंच चालतं.

२०२०च्या फेब्रुवारीत वरचे मजले बंद झाले. त्या वेळी घरच्यांनाही आत सोडत नव्हते. भारतातून पर्यटक व्हिसावर येण्याची वाट तर २०२२च्या ऑक्टोबरपर्यंत मोकळी झाली नाही. आई पडद्यावर, त्या आजी काचेपलीकडे. त्या २०२१मध्ये वारल्या. मी पहिल्या दिवशी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा मिळालं: बाईंनी मुलांना गोल बसवून सरळ सांगितलं, आजी वारल्या, आता त्या येणार नाहीत. मुलांनी जे विचारलं त्याची उत्तरं दिली. लेकीने दोन दिवस खूप विचारलं, मग विचारायची थांबली. सहा वर्षांच्या मुलीने एवढ्यात थांबावं हे मला बरं वाटलं की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता पुण्यातली एक मैत्रीण विचारते आहे, तिच्या पाळणाघराला शेजारचा वृद्धाश्रम जोडून घेऊ का? तुम्हा सगळ्यांसाठी तिला दिलेलं उत्तर इथे देते. हो, घे. पण वर्षातून एकदा दिवाळीचा फराळ घेऊन जाणार असशील तर नको, ते फोटोपुरतं होतं. मध्ये उभं राहणारं माणूस नेम आणि त्याला पगार दे. मुलं नकोत म्हणणाऱ्या आजोबांचं दार वाजवू नकोस. फ्लूच्या दिवसांत भेटी थांबवायची हिंमत ठेव, पालक रागावतील तरी. आणि माझ्या आईची एक अट आहे. ती तिने फोनवर मला मुद्दाम लिहून घ्यायला लावली: कार्यक्रमाला ज्या मुलाची घरची आजी आली असेल, त्या मुलाकडून दोन पत्रं करून घ्या.

आईने अजून वरच्या मजल्यावरच्या मुलांना बोलावलेलं नाही. मी कारणं सुचवते. सागरगोटे, शेंगांची चटणी, त्यांच्या शाळेतलं मराठीचं पाठांतर. ती म्हणते, "तू ये चार महिने, मग बघू."