नळदुर्गला जाल तेव्हा बचित्तरसिंगांसाठी तासभर ठेवा

नळदुर्गच्या किल्ल्यात बहुतेक लोक नर-मादी धबधबे बघायला जातात. आम्ही मुद्दाम १३ सप्टेंबर गाठला. १७ सप्टेंबरला मराठवाड्यात गावोगाव झेंडावंदन होतं, पण १९४८ साली सोलापूरकडून भारतीय फौज हैदराबादच्या निजामाच्या हद्दीत शिरली ती १३ तारखेला. पहिली मोठी चकमक नळदुर्गलाच झाली. बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती आला आणि शीख रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनने पुढच्या मोर्चांवर, म्हणजे निजामाच्या फौजेच्या ठाण्यांवर, हल्ला चढवला.

हवालदार बचित्तरसिंग त्याच बटालियनचे, पंजाबातल्या लोपो गावचे. पहाटे चारच्या सुमारास दोन गाड्या येताना दिसल्या. बचित्तरसिंगांनी गोळीबार करून त्या थांबवल्या, चाल करून गेले आणि माणसांसकट ताब्यात घेतल्या. त्याच दिवशी पुढे शत्रूच्या एका भक्कम ठाण्याने कंपनीला रोखून धरलं. तिथून जेमतेम तीस यार्डांवर असताना मशिनगनच्या गोळ्या त्यांच्या मांडीत घुसल्या. तरी ते सरपटत पुढे गेले, दोन हातबॉम्ब टाकून ते ठाणं बंद पाडलं. मागे न्यायला आलेल्यांना नकार देऊन ते आपल्या जवानांना धीर देत राहिले. अशोकचक्राचे पहिले मानकरी तेच, मरणोत्तर.

हे सगळं मी मुलांना किल्ल्यातल्या उपळी बुरुजावर बसून सांगितलं. तिथून चौफेर मुलूख दिसतो, त्यामुळे फौज कुठून आली हे हात करून दाखवता येतं. माझी आजी निजामाच्या बाजूच्या रझाकारांच्या भीतीने लेकरं घेऊन बार्शीकडे गेली होती. ‘मिल्ट्री आली अन् आमची चूल पुन्हा पेटली,’ असं ती म्हणायची. ती मिल्ट्री म्हणजे कोण, याचं एक तरी नाव आमच्या घरात माहीत असावं असं मला मनापासून वाटतं. त्यानंतरच्या दिवसांत आपल्याच भागातल्या निरपराध मुसलमानांनाही फार सोसावं लागलं. मुलांपासून तेही लपवू नये. मी लपवलं नाही.

जाणाऱ्यांसाठी: सोलापूरहून उमरगा-हैदराबादकडे जाणाऱ्या एसटीने तासाभरात पोचता. तुळजापूरहूनही रस्ता चांगला आहे, देवीचं दर्शन करून येता येईल. सकाळी लवकर आत शिरा, आधी बुरूज करा. त्याच्या पायऱ्या उंच आहेत आणि वर सावली नाही, म्हणून म्हाताऱ्या माणसांना खाली थांबू द्या. बोरीवरच्या बंधाऱ्यातला पाणीमहाल त्यानंतर. बोरीला पूर असेल तर मात्र पाण्याच्या अगदी जवळ जाऊ नका, शेवाळावर पाय टिकत नाही. धबधबे पाऊस चांगला झाला तरच पडतात, निघण्याआधी नळदुर्गात कुणाला तरी फोन करून विचारा. रविवारी गर्दीत शांतपणे काही सांगता येत नाही, म्हणून मधला वार धरा. भाकरी-चटणी बांधून न्या, पाणी भरपूर ठेवा. दुपारनंतर वेळ उरला तर जवळच अणदूरचा खंडोबा आहे.