तुम्ही विचारलंत म्हणून: नागपूरच्या उन्हाळ्यात रुबिडियम गार कसं ठेवता?

टेबलाखालचा तो राखाडी डबा, म्हणजे माझं रुबिडियमचं अणुघड्याळ, दिसला की घरी येणारा विचारतोच, "बाहेर ४५ अंश, त्यात हा असा तापलेला. याला गार ठेवता तरी कसं?" रेडिओवाले मित्रही हेच विचारतात, फक्त 'हीटसिंक केवढा लावलाय?' अशा भाषेत; हीटसिंक म्हणजे उष्णता हवेत सोडणारा पात्यांचा धातूचा ठोकळा. मी त्याला गार ठेवतच नाही. बारा महिने त्याच्या तळाची प्लेट ५० अंशांवर ठेवतो, आणि त्या ५० चे ५१ किंवा ४९ होऊ नयेत म्हणून सगळी खटपट.

डबा म्हणजे रुबिडियम फ्रिक्वेन्सी स्टँडर्ड, एलपीआरओ-१०१. सीडीएमए मोबाईलच्या जुन्या टॉवरांना अचूक वेळ लागायची, त्यासाठी अशी युनिट्स बसवलेली असत. ती यंत्रणा मोडीत निघाली तशी ही युनिट्स जगभरच्या हौशी लोकांच्या हाती आली. आत रुबिडियमचा चिमुकला दिवा असतो. त्याचा प्रकाश रुबिडियमची वाफ भरलेल्या काचेच्या कुपीतून फोटोडायोडवर, म्हणजे प्रकाश मोजणाऱ्या भागावर, पडतो. कुपीला सुमारे ६८३४.६८ मेगाहर्ट्झची मायक्रोवेव्ह दिली की अणू जरा जास्त प्रकाश गिळतात आणि फोटोडायोडवरचा उजेड किंचित उतरतो. हा उतार जिथे सर्वांत खोल, तिथे फ्रिक्वेन्सी तयार करणाऱ्या आतल्या क्रिस्टलला धरून ठेवायचं, एवढंच सर्किटचं काम. बाहेर मिळतात १० मेगाहर्ट्झ.

आता गंमत अशी की दिव्याला आणि कुपीला आपापली भट्टी आहे. रुबिडियम ३९ अंशांना वितळतं, पण पुरेशी वाफ हवी तर कुपी त्याच्या बरीच वर तापवावी लागते, दिवा तर त्याहूनही जास्त. भट्टीला तापवता येतं, गार करता येत नाही. ती उष्णता खालच्या बेसप्लेटमधून वाहून जात राहिली तरच भट्टीचा ताबा टिकतो. प्लेट कुपीच्या तापमानाजवळ आली की हीटर बंद पडून राहतो आणि कुपी प्लेटच्या मर्जीवर चालते. म्हणजे वरची हद्द इथे ठरली. शिवाय आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांमागे साधारण निम्मं होतं, म्हणून ६० पेक्षा ५० बरे.

मग ४० का नाही? कारण मे महिन्यात दुपारी माझ्या खोलीतच ४० असतात. पंख्याने खोलीपेक्षा गार काही करता येत नाही. म्हणून वर्षातल्या सर्वांत तापलेल्या दुपारच्या दहा-एक अंश वर नेम धरायचा. हे युनिट लॉक झाल्यावर, म्हणजे क्रिस्टल अणूंशी जुळल्यावर, २४ व्होल्टवर अर्धा अँपिअरच्या आत-बाहेर खातं, म्हणजे १२ वॉटच्या घरात. एवढी उष्णता १० अंशांच्या फरकावर बाहेर काढणं मध्यम हीटसिंक आणि हळू फिरणाऱ्या पंख्याला सहज जमतं.

खरा त्रास जानेवारीत होतो, हे कुणाला पटत नाही. रात्री खोली १६-१७ वर येते, पंखा पूर्ण थांबतो, तरी तोच हीटसिंक स्वतःहून इतकी उष्णता टाकतो की प्लेट ५० च्या खाली घसरते. मोठा हीटसिंक घेतला की उन्हाळा सुटतो आणि हिवाळा बिघडतो. म्हणून दिवाळीनंतर मी अर्ध्या पात्यांवर थर्माकोलचं झाकण चढवतो आणि होळीच्या सुमारास काढतो. घरी याला 'रुबिडियमचं स्वेटर' म्हणतात.

बांधणी साधी आहे. युनिट १० मिलिमीटर जाडीच्या अॅल्युमिनिअमच्या प्लेटवर, मध्ये थर्मल पेस्टचा पातळ हात. प्लेटमध्ये युनिटच्या कडेलगत एक छिद्र, त्यात तापमान मोजणारा थर्मिस्टर बसवून पेस्टने भरलेला. हीटसिंक खाली, आणि पत्र्याच्या बोगद्यातून हवा फक्त त्याच्या पात्यांवरून जाते. युनिटवर वेगळं झाकण, त्याला झुळूक लागता कामा नये. पंखा बोगद्याच्या लांबच्या टोकाला, कारण त्याच्या मोटरमध्ये चुंबक असतं आणि रुबिडियमला चुंबकीय क्षेत्र कळतं. इतकं कळतं की युनिटची बारीक जुळवणी करणारा स्क्रू आतल्या एका कॉइलचं क्षेत्रच कमी-जास्त करतो. पंखा चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट मात्र लावू नका. तापमानाचे करवतीसारखे दाते पडतात आणि तेच फ्रिक्वेन्सीत उमटतात. वेग सावकाश बदलणारा कंट्रोलर हवा, तोही सुस्त, कारण जाड प्लेटला उत्तर द्यायला मिनिटं लागतात.

कूलर हा आमच्याकडचा खास शत्रू. टाकीत पाणी आहे तोवर खोली बरी, संपलं की अर्ध्या तासात चढते. बोगदा आणि झाकण त्याच्यासाठीच आहेत. पात्यांत अडकणारी धूळ आणि वाळ्याच्या काड्या ब्रशने काढाव्या लागतात, ते वेगळंच.

हे सगळं कशासाठी? युनिटच्या पूर्ण तापमान-कक्षेत फ्रिक्वेन्सी एक हजार कोटींत काही भाग इतकी हलू शकते. कुपीत रुबिडियमसोबत जे वायू भरतात, त्यांचा परिणाम तापमानाप्रमाणे बदलतो. नायट्रोजन एका दिशेला ओढतो, आरगॉन दुसऱ्या, आणि मिश्रण असं करतात की बरंचसं खोडलं जावं. बरंचसं, पूर्ण नाही. उरलेल्याचा हिशेब असा: एक लाख कोटींत १० इतकी चूक असेल तर घड्याळ दिवसाला ०.८६ मायक्रोसेकंद सरकतं.

हे मोजायचं कसं, तर जीपीएसच्या सेकंदाच्या ठोक्याशी ताडून. पण इथे एक मेख आहे. खोलीचं तापमान २४ तासांत वर-खाली होतं, आणि आयनोस्फिअरमुळे, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरामुळे, जीपीएसची चूकसुद्धा २४ तासांत वर-खाली होते. आलेखावर लाट दिसली की ती कुणाची, हे सांगता येत नाही. म्हणून खोलीवर विसंबायचं नाही. कंट्रोलरचा नेम मुद्दाम ५ अंश वर न्यायचा, दोन-तीन दिवस तिथेच ठेवायचा, आणि सरकण्याचा उतार किती बदलला ते बघायचं. आकडा विश्वासाचा मिळतो.

अंतराळातही थोड्याफार फरकाने हेच करावं लागतं. २९ मे २०२३ ला सोडलेल्या इस्रोच्या एनव्हीएस-०१ या दिशादर्शक उपग्रहात अहमदाबादच्या स्पेस अॅप्लिकेशन्स सेंटरने बनवलेलं रुबिडियम घड्याळ आहे. तिथे वारा नाही, त्यामुळे प्लेट सांभाळणं हाच मार्ग.

"मग आम्हीही घ्यावं का?" हा पुढचा प्रश्न. हौशी रेडिओवाल्यांच्या क्यूओ-१०० उपग्रहाचं १०४८९ मेगाहर्ट्झवरचं डाउनलिंक, म्हणजे वरून खाली येणारा सिग्नल, ऐकायचं असेल तर एक हजार कोटींत एक इतकी चूक म्हणजे जेमतेम १ हर्ट्झ. तेवढ्यासाठी जीपीएसला बांधलेला बरा क्रिस्टल ऑसिलेटर पुरतो, ही भानगड लागत नाही. हौसेला मोल नसतं म्हणून घेणार असाल तर आधी दिव्याच्या व्होल्टेजची पिन मोजा. ते खाली उतरलेलं असेल तर दिवा म्हातारा झालाय, युनिट कितीही स्वस्त मिळत असलं तरी सोडून द्या.