मोरपंखी निळा की हिरवा?

रविवारी दुपारी डब्लिनहून भाचीचा व्हिडिओ कॉल आला. तिथं सकाळ, इथं माझी डुलकी मोडलेली. तिच्या लेकीनं वहीतली मेंढी कॅमेऱ्यासमोर धरली. चांगली राखाडी मेंढी. शाळेत आयरिश शिकतात ना, मेंढीच्या खाली दोन शब्द होते. दुसऱ्याचा अर्थ काय म्हणून विचारलं, तर म्हणते, "हिरवी!"

झोप गेलीच. शब्द 'ग्लस'. गवत, पानं यांचा हिरवा तो ग्लस. पण मेंढीवर, घोड्यावर बसला की करडा. रंगवलेल्या, डबाबंद हिरव्याला निराळा शब्द, 'उअने'. आयर्लंडच्या 1937 च्या राज्यघटनेत झेंड्याचा हिरवा आहे तो हाच उअने. तिथला हरित पक्ष मात्र ग्लस. शेजारच्या वेल्श भाषेत तर ग्लस म्हणजे चक्क निळा.

आईला हे फार आवडलं असतं. मॅचिंग सेंटरमध्ये ती साडीचा पदर हातात धरून तासभर उभी राहायची. दुकानदार तागे काढतोय, पोपटी, शेवाळी, बाटली, रामा, आणि आई म्हणतेय, "अहो, मोरपंखी हवाय." तो म्हणे निळा, ही म्हणे हिरवा. मग तागा घेऊन दुकानाच्या पायरीवर, उन्हात. ट्यूबलाइटवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. मी तिच्या मागे, गोळी चघळत, शरमेनं लाल.

हा 'लाल' बघा, साडीही लाल आणि सदराही लाल, ढिम्म हलत नाही. हिरवा बिचारा हिरवी, हिरवं होत शेपूट बदलत राहतो. आयरिशमध्ये विशेषण नामाच्या मागून येतं आणि नाम स्त्रीलिंगी असलं की तोंड बदलतं: ग्लसमधला 'ग' मऊ होऊन घशात घरघरतो. मेंढी स्त्रीलिंगी, म्हणून पोरगी मघाशी घसा खाकरल्यासारखं करत होती. मला वाटलं सर्दी!

ग्लस आणि आपला हिरवा (संस्कृत 'हरित'वरून आलेला) एकाच प्राचीन धातूचे, असं बरेच भाषाभ्यासक मानतात. असतीलही. 'दुरून डोंगर साजरे' त्यांच्याकडेही आहेच, फक्त त्यांचे लांबचे डोंगर साजरे नसतात, ग्लस असतात. म्हणजे हिरवे की करडे, कोण जाणे. लांबून काय कळणार.

आईची ती साडी माझ्या कपाटात आहे. ब्लाउज उन्हात बघून घेतलेला, तरी कधी जुळला नाही.