राखेच्या ढिगावरून ऐकलेलं

रविवार, रात्री साडेअकरा

दिवसभर पाऊस. दुपारी एक कथा वाचायला घेतली, दिवेलागणीला संपली, आणि तेव्हापासून कशात मन लागत नाहीये. सगळे झोपलेत. लिहून काढल्याशिवाय मला झोप यायची नाही.

कथा १८६१ सालची, ‘लाइफ इन द आयर्न मिल्स’. लिहिणारी रिबेका हार्डिंग, लग्नानंतर डेव्हिस. अमेरिकेत ओहायो नदीकाठच्या व्हीलिंग गावात राहायची, तिशीही उलटली नव्हती. ‘अटलांटिक मंथली’च्या एप्रिलच्या अंकात कथा छापून आली, पण तिच्या नावाशिवाय.

ह्यू वुल्फ हा लोखंडाच्या कारखान्यातला वेल्श कामगार. भट्टीतलं वितळलेलं लोखंड ढवळायचं, हे त्याचं काम. राहायला तळघरातल्या दोन खोल्या. धातू काढून घेतल्यावर जो टाकाऊ, सच्छिद्र, हलका गाळ उरतो त्याला तिथे ‘कोर्ल’ म्हणतात. कामातून उसंत मिळाली की ह्यू त्या कोर्लमधून मूर्ती कोरतो. एकेका मूर्तीवर महिनोन् महिने घालवतो आणि मनासारखी झाली नाही की फोडून टाकतो. बरोबरचे कामगार त्याला बाईच्या नावाने हाक मारून चिडवतात.

एका पावसाळी रात्री मालकाचा मुलगा काही पाहुण्यांना कारखाना दाखवायला आणतो. अंधारात त्यांना पांढरट रंगाची एक बाई दिसते आणि ते दचकतात. ती ह्यूने कोरलेली असते. उघडी, राबून राबून पिळदार झालेली, हात पुढे पसरलेली. पाहुण्यांतले एक डॉक्टर बारकाईने बघतात, स्नायू किती अचूक आलेत ते सांगतात. हिला काय म्हणायचंय, असं ते विचारतात तेव्हा ह्यू म्हणतो, ती भुकेली आहे. भूक अन्नाची नाही, जगता येईल अशा कशाची तरी.

इथे मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. कलावंत उपेक्षित राहतो कारण त्याला कुणी ओळखत नाही, असं मी आजवर धरून चालले होते. ह्यूला तर त्या रात्री ओळखतात! डॉक्टर त्याला सांगतात, तू मोठा शिल्पकार होऊ शकतोस, तो तुझा हक्कच आहे. ह्यू साधंच विचारतो, मग तुम्ही मदत कराल का? डॉक्टर म्हणतात, माझ्याकडे तेवढे पैसे नाहीत. मग पैसा हेच सगळ्यावरचं औषध, अशी थोडी बोलणी होतात आणि बग्गी निघून जाते. त्या रात्रीपर्यंत ह्यू फक्त गरीब होता. आता त्याला आपण काय होऊ शकलो असतो तेही कळलेलं असतं.

हे सगळं आणखी एक जण ऐकत असते. डेबरा, ह्यूची आतेबहीण की मामेबहीण ते कथेत उलगडत नाही. पाठीला कुबड. सूतगिरणीत बारा तास उभं राहून आलेली, तरी भर पावसात मैलभर चालत त्याचा डबा घेऊन येते. त्याला भूक नसते, तिचं मन राखायला तो खातो. मग ती तिथेच उबदार राखेच्या ढिगावर आडवी होते. पैशानेच सगळं होतं, हे त्या शिकलेल्या माणसांचं बोलणं तिच्या कानावर पडतं. खरं मानते ती एकटीच. एका पाहुण्याच्या खिशातलं पाकीट काढून ती ह्यूच्या हातात ठेवते.

ह्यू ते ठेवून घेतो, पकडला जातो, आणि चोरीसाठी त्याला एकोणीस वर्षांची शिक्षा होते. तो तुरुंगातच जीव देतो.

डेबराची मूर्ती कुणी कोरली नाही, हे मला फार लागलं. तिचीही भूक तीच होती.

मला बाबा आठवले. कापडगिरणीत मागांच्या विभागात, म्हणजे साचेखात्यात होते. सुताच्या कोनचे पुठ्ठे घरी आणायचे आणि रात्रपाळी नसली की पेन्सिलीने चेहरे काढत बसायचे. एकदा खात्यातल्या एका साहेबांनी ते पुठ्ठे पाहिले आणि म्हणाले, “अरे, काय हात आहे तुझा! तू चित्रशाळेत जायला हवं होतंस.” बाबांनी ही गोष्ट आम्हाला कितीदा सांगितली असेल. दर वेळी डोळे चमकायचे. आम्हीही खूश व्हायचो. पुढे साहेब काय म्हणाले, हे आमच्यापैकी कुणी कधी विचारलं नाही. पुढे काही नव्हतंच. पाळी सुरू झाली असणार.

बाबांची ती एवढीशी शाबासकी मला हिरावून घ्यायची नाही. पण आज ती ऐकताना पूर्वीसारखं वाटणार नाही.

ही कथा शंभरेक वर्षं विस्मरणात गेली होती. अमेरिकन लेखिका टिली ओल्सेनला ती पंधराव्या वर्षी भंगारातून दहा सेंटला घेतलेल्या जुन्या अंकांच्या बांधीव खंडात सापडली. नाव छापलेलं नसल्यामुळे लेखिका कोण हे तिला कितीतरी वर्षं कळलं नाही. १९७२ साली तिनेच ती पुन्हा छापून आणवली. तीही कामगारांतलीच, पोरंबाळं आणि नोकरी सांभाळून लिहिणारी.

कथेच्या शेवटी ती कोर्लची बाई निवेदकाच्या घरात पुस्तकांच्या खोलीत पडद्याआड ठेवलेली असते. रात्री कधी पडदा सरकतो आणि पुढे पसरलेला हात दिसतो.

बाबांचे पुठ्ठे आईच्या खोलीत कपाटावर, प्लास्टिकच्या पिशवीत आहेत. दमट हवेने कडा फुगल्या असतील. उद्या सकाळी स्टूल घेऊन ती पिशवी खाली काढायची.