साठ खाडे

गर्भपिशवी काढून मला अडीच महिने झाले होते आणि कामावर रुजू होऊन पंधरा दिवस. फायब्रॉइडची गाठ मोठी होती. दर महिन्याला इतकं अंगावरून जायचं की हिमोग्लोबिन साडेसातवर आलं होतं. ऑपरेशन पोटावरून झालं, अंडाशयं चांगली होती म्हणून ठेवली. घरी सोडताना डॉक्टर मॅडमनी बजावलं होतं, ‘सहा आठवडे पाण्यानं भरलेली बादलीसुद्धा उचलायची नाही आणि तीन महिने जड कामाचं नाव काढायचं नाही.’ मी आरोग्यसेविका आहे. हेच वाक्य मी वीस वर्षं बायकांना सांगत आलेय. स्वतःचं पोट शिवलं गेल्यावर कळलं की खोकला आला तरी हात आपोआप टाक्यांवर जातो, आणि कुशीवरून उठायला शिकावं लागतं.

रुजू झाले तेव्हा साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला होता. आमचं उपकेंद्र वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठी. दिवाळीच्या आगेमागे इथं बीड, जालना, परभणीकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उतरतात. गावाबाहेरच्या माळावर चटया आणि पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात. त्या तळावरच्या मुलांचं लसीकरण हे आमचं दरवर्षीचं काम. यंदा लशींचा डबा आशाताई उचलत होत्या, मी नुसती चालत होते. तेवढ्यानंही कंबर भरून यायची.

त्या दिवशी अकराच्या सुमाराला तळावर गेलो. आईबाप पहाटे चारलाच उसाच्या फडात जातात, त्यामुळे दिवसा तळावर फक्त लेकरं आणि एखादी म्हातारी. एका कोपीपुढे नऊ-दहा वर्षांची मुलगी धाकट्या भावाला घेऊन बसली होती. भाऊ पाच वर्षांचा, डीपीटीचा दुसरा बूस्टर राहिलेला. पोरीनं डब्यातून कार्ड काढून दिलं, भावाला मांडीवर घट्ट धरलं, तो रडला तेव्हा त्याच्या तोंडात साखर घातली. मग हळूच म्हणाली, ‘सिस्टर, आमच्या आईला पण इंजेक्शन द्या ना. तिला रगत जातंय. लई दिस झाले.’

मी विचारलं, पाळी आली असेल. ती म्हणाली, ‘न्हाई, तिची पिशवी काढली की.’

पिशवी काढलेल्या बाईला पाळी येत नाही. मग रक्त कुठून? डबा आशाताईंच्या ताब्यात देऊन मी फडाकडे निघाले. ढेकळांतून, पाटाच्या कडेनं, पाऊण किलोमीटर असेल. मॅडमनी एवढं चालायला परवानगी दिली होती का, हा विचार मनात आला आणि गेला.

आडसाली ऊस होता. सोळा-सतरा महिने वाढलेला, मनगटाएवढा जाड. एका बाजूला तोड चालली होती, दुसरीकडे ट्रॅक्टरची ट्रॉली भरत होते. ट्रॉलीला फळी लावलेली. पंधरा-वीस उसांची मोळी, म्हणजे तीस-पस्तीस किलो सहज, डोक्यावर घेऊन बायका फळीवरून चढत होत्या. मी तिचं नाव घेऊन विचारलं तेव्हा कुणीतरी फळीकडे बोट दाखवलं. ती अर्ध्यावर होती. एक हात मोळीला, दुसरा ओटीपोटावर. तो हात मी लगेच ओळखला. गेले अडीच महिने माझाही तिथंच जात होता.

वर मोळी टाकून ती उतरली तेव्हा तिला बांधावर बसवलं. बत्तीस वर्षांची, धारूरकडची, तीन लेकरं. चौदाव्या वर्षी लग्न, त्याच वर्षापासून कोयता. आमच्या भागातल्या वाचकांना माहीत असेल, पण इतरांसाठी सांगते: कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. टोळीचा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती जोडीला, टनाचा हिशेब होतो तो जोडीचा. एकजण बसला की कोयता अर्धा होतो.

वर्षभर अंगावरून पांढरं जात होतं म्हणून तिकडच्या एका खासगी दवाखान्यात गेली. तिथं सांगितलं, पिशवीला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. गणपती उठल्यावर ऑपरेशन झालं. पैसे मुकादमानं दिले आणि उचलीत लिहिले. म्हणजे ज्या ऑपरेशननंतर तिनं बसून राहायला हवं होतं, तेच फेडायला तिला फडात यावं लागलं. सहाव्या आठवड्यात तिनं कोयता हातात घेतला. रक्त आठ दिवसांपासून जात होतं, थोडं थोडं, मोळी उचलल्यावर जास्त.

‘दवाखान्यात काही सांगितलं नव्हतं का? जड उचलू नका वगैरे?’

‘सांगितलं की. आराम करा म्हणले.’ मग तिनंच मला विचारलं, ‘तुम्ही बी पोटाला हात लावून बसलाव. तुमचं काय झालंय?’

मी सांगितलं. ती एकदम जवळ सरकली. टाका उभा का आडवा, आग होते का, बसताना दुखतं का, असं सगळं विचारत राहिली. तिला हे विचारायला आजवर कुणी मिळालंच नव्हतं. मग म्हणाली, ‘मग तुम्ही किती दिस बसलाव?’

‘साठ दिवस. वैद्यकीय रजा होती.’

‘पगार चालू?’

‘हो.’

ती थोडा वेळ उसाकडे बघत राहिली. खाडा म्हणजे कामाला न आलेला दिवस, त्याचे पैसे कापले जातात. त्यांच्या टोळीत दिवसाला पाचशे. ती बोटांवर मोजत पुटपुटली, ‘साठ खाडे. तीस हजार.’ तिच्या आवाजात माझ्याबद्दल राग नव्हता, ती फक्त हिशेब करत होती. मला मात्र तिथं बसवेना.

२०१९ साली बीडचा हा प्रश्न गाजला. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सहांत एक. त्यानंतर बीडमध्ये खासगी दवाखान्यांना या ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. हिचं ऑपरेशन शेजारच्या जिल्ह्यात झालं होतं. तो आकडा मी तेव्हा वाचला होता, बैठकीत त्यावर बोललेही होते. पण त्या बायका पुढच्याच हंगामात फळीवर चढतात, हे माझ्या डोक्यात कधी नीट शिरलं नव्हतं.

मला भीती होती ती आतल्या टाक्यांची. पिशवी काढली की योनीमार्गाचं वरचं टोक शिवून बंद करतात. ते भरून येण्याआधी वजनाचा जोर पडला तर टाके उसवू शकतात, क्वचित आतडं खाली उतरतं, आणि मग तासांचा प्रश्न असतो. आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका मागवली. मुकादम आला. ‘बाई, गाडी भरायची राहिलीय. कारखान्याचा फोन यायलाय. संध्याकाळी न्या की.’ मी त्याला टाके उसवणं म्हणजे काय ते जसंच्या तसं सांगितलं, आतड्यासकट. तो गप्प झाला. नवरा मागे उभा होता. तो एवढंच म्हणाला, ‘माझा एकट्याचा खाडा धरा, तिचा धरू नका,’ आणि रुग्णवाहिकेत चढला.

उपजिल्हा रुग्णालयात तपासलं. टाके शाबूत होते. टोकाला लालसर, नाजूक मांस वाढलं होतं, जखम भरताना होतं तसं, आणि ताण पडला की त्यातून रक्त यायचं. डॉक्टरांनी औषध लावून ते जाळलं. पोटाच्या जखमेखाली मात्र खोकताना लिंबाएवढा फुगवटा येत होता. हर्नियाची सुरुवात.

मग मी तिची प्लास्टिकची पिशवी उघडून डिस्चार्ज कार्ड वाचलं. दोन्ही अंडाशयंही काढली होती. बत्तिसाव्या वर्षी. तिला हे माहीत नव्हतं. रात्री अंगातून वाफा निघतात, कोपीत झोपवत नाही, घाम फुटतो, ते ती ताप समजून रोज क्रोसिन खात होती. हे मी तिला समजावून सांगितलं: पाळी संपताना पन्नाशीत बाईला जे होतं ते तुला एका दिवसात झालंय, हाडं लवकर ठिसूळ होतील, म्हणून कॅल्शियम आणि संप्रेरकांच्या गोळ्या बरीच वर्षं घ्याव्या लागतील. तिनं सगळं ऐकलं आणि विचारलं, ‘मला इचारायचं तरी होतं ना त्यांनी?’

माझी अंडाशयं ठेवायची की काढायची, यावर माझ्या मॅडम माझ्याशी अर्धा तास बोलल्या होत्या.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं, सहा आठवडे वजन उचलू नये. ती चिठ्ठी घेऊन मी संध्याकाळी तळावर गेले, कारण नुसत्या चिठ्ठीचं काय होतं ते दुपारीच पाहिलं होतं. मुकादमाशी बोलून फार काही निघालं नाही. वाट काढली ती बायकांनी. तिची जाऊ आणि शेजारच्या कोपीतली एक थोराड मावशी, दोघींनी ठरवलं: ही मोळ्या बांधेल, त्याही लहान, आणि फळीवर त्या चढतील. बदल्यात ही पहाटे तीनला उठून चार कोप्यांच्या भाकरी थापेल. मावशी म्हणाल्या, ‘सावडच म्हणायची. आज तिची, उद्या आमची.’ मावशींचीही पिशवी नव्हती. जावेचीही.

कंदिलाच्या उजेडात मी तिघींना दाखवलं, वाकायचं ते कमरेतून नाही, गुडघ्यांतून. उचलताना श्वास कोंडायचा नाही, सोडायचा. पोटाला पट्टा कसा बांधायचा ते माझा स्वतःचा सोडून दाखवलं, आणि तो तिथंच ठेवून आले. खरं तर आराम हाच उपाय होता. तो माझ्या हातात नव्हता.

पंधरा दिवसांनी पुन्हा तपासणीला न्यायचं होतं. गेले तर माळ रिकामा. टोळी पलीकडच्या गावात हलली होती. तिथल्या सिस्टरना फोन केला, डिस्चार्ज कार्डाचा फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला: रक्त थांबलंय. मोळ्या बांधतेय, फळीवर चढत नाही. वाफा अजून येतात. गोळ्या चारच दिवसांच्या उरल्यात.

गोळ्या त्याच संध्याकाळी साखरेच्या गाडीवाल्याबरोबर पाठवल्या. मुलीसाठी चौथीची पुस्तकंही दिली.