नव्या गावात जुनं पाप

आमच्या ख्रिस्ती मंडळीतली मुलं-मुली नोकरीसाठी नगरहून पुण्या-मुंबईला जातात. सुट्टीला आली की उपासना संपल्यावर त्यांच्यातलं कोणीतरी हळूच बाजूला घेतं. "काका, इथे सुटलेलं पाप तिकडे गेल्यावर परत कसं आलं? माझा पश्चात्ताप खोटा होता का?" लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलीही हेच विचारतात, आई-वडील गेल्यावर एकटे पडलेलेही. तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो.

खोटा नव्हता. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, गणना या पुस्तकाचा ११ वा अध्याय उघडा. इस्राएल लोक मिसर देशातल्या गुलामगिरीतून सुटलेत, वचनदत्त देश अजून दूर आहे, आणि रानात बसून ते रडताहेत. कशासाठी? मासे, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण. विटा थापताना पाठीवर बसलेले फटके कोणाच्या तोंडी नाहीत, कांद्याची चव मात्र जिभेवर आहे. समुद्र दुभंगून देवाने काढलेली माणसं ती, त्यांची सुटका खरीच होती. पण पाय रानात पोचले तरी जीभ मिसरातच राहिली होती.

बदलाच्या काळात असंच होतं. नव्या शहरात खोली अनोळखी, माणसं अनोळखी, रविवारची गाणीसुद्धा वेगळ्या चालीची. त्यात ओळखीचं असं एक जुनं पापच हाताशी असतं. मला तर वाटतं, पुष्कळदा माणूस सुखासाठी तिकडे वळतच नाही, ओळखीच्या जागी जाऊन बसावं म्हणून वळतो. हे उमजलं की स्वतःला नुसतं कोसत बसण्यापेक्षा काय करायचं ते दिसू लागतं.

हिंजवडीत रात्रपाळी करणारा एक मुलगा आहे. पहाटे खोलीवर यायचा, मोबाइल उशाशी चार्जिंगला लावायचा आणि नको ते बघत बसायचा. मग रडून प्रार्थना, मग शपथा. घरून आईने दिलेलं पवित्र शास्त्र महिनोन्महिने पुठ्ठ्याच्या खोक्यातच होतं, वरची चिकटपट्टीसुद्धा निघाली नव्हती. शपथा वाढवून काही झालं नाही. फरक पडला तो त्याने चार्जर स्वयंपाकघराच्या ओट्यावर नेला तेव्हा, आणि त्याहून जास्त, तिथल्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या माणसाला सगळं नाव घेऊन सांगितलं तेव्हा. याकोबाच्या पत्रात, ५:१६ मध्ये, एकमेकांजवळ पापं कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा असं सांगितलंय, ते याचसाठी. तो अजून कधीकधी घसरतो. पण आता लपवत नाही, आणि लपवणं थांबलं की पापाचा अर्धा जोर जातो, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलंय.

"जरा बस्तान बसू दे, मग देवाकडे नीट लक्ष देईन," हे मात्र कृपा करून म्हणू नका. मान्ना, म्हणजे देव इस्राएल लोकांना देत असे ते अन्न, रानातच मिळत होता. कनान या वचनदत्त देशाचं पीक खाल्ल्यावर तो बंद झाला, यहोशवाच्या ५ व्या अध्यायात तसं लिहिलंय. म्हणजे तो होता या मधल्या काळासाठीच. आणि तो रोज सकाळी वेचायचा. शब्बाथासाठी, म्हणजे विसाव्याच्या दिवसासाठी, आदल्या दिवशी दुप्पट वेचलेला सोडला, तर साठवलेल्यात किडे पडत. रविवारच्या उपदेशावर आठवडा ढकलता येत नाही. एक स्तोत्र वाचा, दहा वचनं वाचा, बसमध्ये वाचा, पण आजचं आज.

आणि वेळ लागतो म्हणून खचू नका. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेज इथे झाला. पुढे त्यांनीच आपल्या साक्षीत लिहिलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचं जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता, हे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी कळलं. मधल्या काळात त्या अमेरिकेत व्याख्यानं देत फिरल्या, परत येऊन १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. एवढं काम उभं करणाऱ्या बाईची भूक तशीच होती, आणि ती त्यांनी झाकून ठेवली नाही.

तेव्हा नव्या गावी पोचलात की पहिल्याच रविवारी जवळची मंडळी शोधा. चाल येत नसली तरी गा. पाळकसाहेबांना भेटा, आणि विश्वास टाकावा असं एक माणूस शोधून त्याला खरं ते सांगा. असं माणूस मिळेपर्यंत मला फोन करा. रात्रपाळीवाल्यांनी पहाटे केला तरी चालेल.