पंचवीस अंशांचा फरक

जस्त-शिशाच्या एका जुन्या क्षेत्राची पूर्वेक्षणाची कागदपत्रे नव्याने तपासण्याचे काम गेल्या जुलैत माझ्याकडे आले. क्षेत्र राजस्थानात, अरवलीच्या पट्ट्यात. मी अंधेरीच्या कार्यालयात. तिथे १९७० च्या दशकात आणि पुढे वीसेक वर्षांनी अशा दोन टप्प्यांत बोअरहोल, म्हणजे खडक तपासण्यासाठीची खोल, अरुंद छिद्रे, घेतली गेली होती, आणि ‘खनिजीकरण तुटक’ असा शेरा मारून क्षेत्र सोडून देण्यात आले होते.

तो शेरा मला पटत नव्हता. सल्फाइड खनिजे हवापाण्याने कुजल्यावर मागे उरणारी लोहमय, सच्छिद्र टोपी, म्हणजे गॉसन, तिथे जवळजवळ अर्धा किलोमीटर सलग दिसते. तिच्या नमुन्यांत शिसे बरे आणि जस्त नगण्य होते. परंतु स्फॅलेराइट, म्हणजे जस्ताचे सल्फाइड खनिज, कुजताना सुटलेले जस्त पाण्याबरोबर सहज वाहून जाते आणि शिसे मात्र सल्फेट-कार्बोनेट होऊन बरेचसे जागीच टिकते, त्यामुळे वर जस्त नाही म्हणून खालीही नाही, असे कोणी म्हणू नये. भिलवाडा जिल्ह्यातल्या रामपुरा-आगुचाच्या प्रचंड साठ्याचा शोधही १९७७ साली लागला, तो जमिनीवरच्या अशाच खुणांमुळे.

त्या दिवशी पावसाने लोकल रखडल्या होत्या आणि कार्यालयात मी आणि माझ्या वरिष्ठ मॅडम असे आम्ही दोघेच होतो. संगणकावरच्या माहितीचा कंटाळा येऊन मी पहिल्या टप्प्याचा मूळ नकाशा टेबलावर उलगडला. घडीवर विरलेल्या कोपऱ्यात उत्तर दिशेचे दोन बाण होते: एक खऱ्या उत्तरेचा, दुसरा स्थानिक ग्रिडचा, म्हणजे मोजणीसाठी आखलेल्या रेषांच्या जाळ्याचा, आणि दोहोंत २५ अंशांचा फरक. खडकांचे पट्टे ज्या दिशेने पसरले आहेत तिलाच ‘उत्तर’ मानून आधाररेषा आखायची, म्हणजे मोजणीच्या आडव्या रेषा पट्ट्यांना काटकोनात छेदतात, ही त्या काळची रीतच होती, आणि ती योग्यच होती. चूक पुढे झाली. माहिती संगणकात भरताना ग्रिडमधला २७० अंशांचा दिशाकोन खऱ्या उत्तरेपासूनचा समजला गेला. वास्तविक ती होल २९५ अंशांकडे गेली होती. दुसऱ्या टप्प्याचे कोन मात्र खऱ्या उत्तरेपासूनच मोजलेले होते.

आडव्या पातळीपासून ६० अंशांनी तिरपे, २०० मीटर लांबीचे होल आडव्या अंतरात १०० मीटर सरकते. दिशा २५ अंशांनी चुकली की त्याचा तळ सुमारे ४३ मीटर बाजूला पडतो. मी कोन दुरुस्त करून छेद, म्हणजे जमिनीच्या उभ्या कापांची चित्रे, पुन्हा काढले. एकमेकांशी काही संबंध नसल्यासारखे विखुरलेले होलमधले पाच खनिजयुक्त भाग आग्नेयेकडे उतरणाऱ्या एकाच प्रतलात येऊन बसले.

मी मॅडमना हाक मारली. त्यांनी बराच वेळ पडद्याकडे पाहिले आणि एवढेच विचारले, “दुसऱ्या टप्प्यातलं उत्तरेकडचं शेवटचं होल कुठं थांबवलं होतं?”

लॉगवर, म्हणजे त्या होलच्या नोंदपत्रावर, नोंद होती: ‘ग्रॅफाइटयुक्त शिस्ट, लक्ष्य-थर ओलांडला असे समजून वेधन बंद.’ दुरुस्त छेदात तो लक्ष्य-थर त्या होलच्या तळापासून अजून ३० मीटर पुढे होता.